खेळातल्या गाडीला शिसं कशाला?



लहानपणी आपण सगळ्यांनीच शिसपेन्सिल चावली आहे. तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार. पण त्या नावामुळे शिसं ही घरातलीच, निरुपद्रवी वस्तू आहे अशी समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. आज मला त्या समजुतीशी भांडायचं आहे. निमित्त आहे स्लॉट कारच्या खेळाचं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅकला खाच असते, गाडीखालची पिन त्या खाचेत बसते आणि वीज ट्रॅकमधून मिळते. आपल्या हातात फक्त वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. १९५७ पासून स्केलेक्स्ट्रिक या नावाने इंग्लंडमध्ये हा खेळ विकला जाऊ लागला. वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाचेतून उडते. म्हणून गाडीच्या तळाशी जड धातूचे तुकडे चिकटवतात. गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी ट्रॅकला धरून राहते. इथपर्यंत सगळं ठीक आहे. मुलांनी आईवडिलांबरोबर बसून असं काही करावं, मोबाइल बाजूला ठेवावा, हे डॉक्टर म्हणून मला आवडतंच.

बिघडतं ते धातू निवडताना. शिसं स्वस्त, मऊ, कात्रीने कापता येणारं. टायरच्या दुकानात चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळतात, भंगारात पत्रा मिळतो. आणि मग कुणीतरी ते घरच्या गॅसवर वितळवून हव्या त्या आकारात ओततो. मुलगा शेजारी उभा राहून बघत असतो.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. मुलं ज्या खेळात आहेत, त्यात शिशाचं वजन वापरायला आज एकही पटण्याजोगं कारण उरलेलं नाही. आणि घरात शिसं वितळवणं तर पूर्ण बंद व्हायला हवं.

शिशाचा फायदा नेमका किती?

"शिशाएवढं जड दुसरं काय आहे?" असं विचारलं जातं. चला, हिशेब करू. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, पितळेची सुमारे ८.५, पोलादाची ७.८ आणि टंगस्टनची १९.३, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकी.

समजा, गाडीला २० ग्रॅम वजन लावायचं आहे आणि पट्टी १ मिलिमीटर जाडीची आहे. शिसं वापरलं तर साधारण १८ चौरस सेंटिमीटर जागा लागेल, पितळ वापरलं तर सुमारे २४. फरक ६ चौरस सेंटिमीटरचा. एका पोस्टाच्या तिकिटाएवढा! आणि टंगस्टन वापरलं तर शिशापेक्षाही कमी जागा लागेल. म्हणजे जड म्हणून घ्यायचं तर टंगस्टन सरस, स्वस्त म्हणून घ्यायचं तर पितळ पुरेसं. शिशाच्या बाजूने उरते ती फक्त आपली सवय.

शिसं शरीरात कसं शिरतं?

इथे उगाच घाबरवायचं नाही. शिशाचा तुकडा हातात धरल्याने ते कातडीतून आत झिरपत नाही. धोका आहे तो भुकटीचा आणि धुराचा. शिसं कापलं, कानशीने घासलं, ड्रिलने भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारी भुकटी बोटांवर, टेबलावर, कपड्यांवर बसते. तीच बोटं पुढे वेफर्सच्या पाकिटात जातात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडाच भाग रक्तात उतरतो. लहान मुलांचं शरीर मात्र त्याच्या चार-पाच पट शोषून घेऊ शकतं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला आहे. धाकट्या भावंडांनाही धोका कसा, ते आता लक्षात येईल. स्पर्धेत मोठा मुलगा असतो, जमिनीवर रांगत ती भुकटी चाटतो तो धाकटा.

वितळवणं त्याहून वाईट. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. गॅसच्या ज्योतीवर तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं आणि धूर वाढत जातो. वर जी राखाडी साय येते ती शिशाचं ऑक्साइड असते. ती खरवडली की तिची धूळ घरभर पसरते. आपल्या सांताक्रूझच्या वन रूम किचनमध्ये एक खिडकी, एक शेगडी आणि त्याच शेगडीवर सकाळचं दूध. साचा जरा दमट असेल, आणि पावसाळ्यात तो असतोच, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडू शकतं.

आत गेलेलं शिसं रक्तात काही आठवडे राहतं, मग हाडांत जाऊन बसतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून हाडं त्याला वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम बाहेर पडतं तेव्हा हे शिसंही बाहेर पडतं आणि बाळापर्यंत पोहोचतं. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात. मुलांमध्ये मार बसतो तो मेंदूला. बुद्ध्यांक, एकाग्रता, वागणूक या सगळ्यावर परिणाम होतो. आणि गेलेली बुद्धी कोणत्याही औषधाने परत येत नाही.

"आम्हाला कुठे काय झालं?"

हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो, बहुतेक वेळा माझ्याच वयाच्या वडीलधाऱ्यांकडून. माझं उत्तर असं: काही झालं नाही हे ठरवलं कुणी? तुमच्या रक्तातलं शिसं कधी मोजलं होतं का? आपली पिढी एस. व्ही. रोडवर शिसंयुक्त पेट्रोलचा धूर खात वाढली. देशात ते पेट्रोल बंद झालं २००० साली. त्या धुराविना आपण कसे झालो असतो, हे पाहायला आपली दुसरी प्रत कुठे आहे? चार-पाच गुणांनी बुद्ध्यांक कमी झालेला मुलगा आजारी दिसत नाही. तो फक्त "अभ्यासात मन नसलेला" म्हणून ओरडा खातो.

जागतिक आरोग्य संघटनेचं मत स्पष्ट आहे: रक्तातल्या शिशाची अशी कोणतीही पातळी माहीत नाही जी सुरक्षित म्हणता येईल. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर ते कुठून आलं हे शोधून थांबवा, असं ही संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात एवढं शिसं आहे. त्यात छंदाची भर कशाला?

कुणी म्हणेल, जुहू कोळीवाड्यात जाळ्यांना शिशाच्या गोळ्या लावतातच की. लावतात, पण ते पोटासाठी. त्यांनाही सुरक्षित पर्याय मिळायला हवा, तो वेगळा विषय. पोटासाठी पत्करलेला धोका खेळासाठी पैसे देऊन विकत घेणं मात्र मला समजत नाही.

ब्रिटनने १९८७ पासून मासेमारीच्या गळाला लावायच्या बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. कशासाठी? ती गिळून हंस मरत होते म्हणून. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयची खूण सक्तीची आहे, आणि खेळण्यातून सुटणाऱ्या शिशाला किलोमागे ९० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे गाडीच्या रंगातलं शिसं मोजायचं आणि त्याच गाडीखाली जवळजवळ शुद्ध शिशाचा पत्रा आपल्या हाताने चिकटवायचा!

मग काय करायचं?

१. वजन लावण्याआधी टायर पुसा, चाकं सरळ फिरतात का पाहा, पिन खाचेत नीट बसते का तपासा. बऱ्याच गाड्या एवढ्यानेच सुधारतात.

२. पितळी पट्टी घ्या. गुलालवाडीच्या धातूबाजारात पितळी पत्रा मिळतो. पत्र्याच्या कात्रीने कापला जातो आणि चुंबकाला चिकटत नाही. काही पितळेत थोडं शिसं मिसळलेलं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

३. बजेट असेल तर टंगस्टन घ्या, पण तयार आकाराच्या तुकड्यांत. घरी घासू नका. त्यात निकेल, कधी कोबाल्ट असतं आणि ती भुकटी फुप्फुसांना घातक आहे. टंगस्टनची पुट्टीही मिळते. पुट्टी लहान मुलांच्या हाती देऊ नका.

४. गरम पाण्यात वितळणाऱ्या "जादूच्या" मिश्रधातूंपासून लांब राहा. त्यातल्या वूड्स मेटलमध्ये शिशाबरोबर कॅडमियमही असतं.

५. जिथे शर्यती होतात तिथे नियमच करा: शिसं चालणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. ट्रॅक चालवणाऱ्यांनी हे एक पाऊल उचललं तर माझा अर्धा लेख वाया जाईल, आणि मला आनंद होईल.

घरात शिशाचं काम आधीच झालं असेल तर

घाबरू नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते स्वयंपाकात पुन्हा वापरू नका. उरलेलं शिसं डब्यात बंद करून नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर डॉक्टरांना विचारून शिरेतल्या रक्ताची शिशाची तपासणी करा. मुंबईतल्या मोठ्या लॅबमध्ये ती होते. केसांच्या तपासणीवर विसंबू नका. "डिटॉक्स"च्या बाटल्या घेऊ नका. शिसं बाहेर काढणारी औषधं असतात, पण ती साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. बाकी बहुतेकांसाठी उपचार एकच: शिशाचा उगम बंद करणं, आणि जेवणात नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या, डाळी.

मुलाला शर्यत जिंकायला जरूर शिकवा. पण गाडीखाली काय चिकटवलंय, हे आज घरी गेल्यावर एकदा उलटं करून बघा.