गड पाहिले, पूल राहिले

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाची सहल महाबळेश्वर-प्रतापगडला गेली होती. बिदर-कलबुर्गीकडच्या माळरानावर वाढलेल्या आम्हां मुलांना ते डोंगर नुसते पाहूनच धाप लागली. गड चढलो, बुरुजांवर फोटो काढले, अफझलखानाच्या वधाची कथा गाईडकडून पुन्हा एकदा ऐकली. खाली उतरल्यावर थोडा वेळ शिल्लक होता, म्हणून इतिहासाच्या सरांनी बस पायथ्याच्या पार गावाकडे वळवायला लावली. तिथे काय आहे, असे विचारल्यावर 'पूल' एवढेच उत्तर मिळाले. अर्धी बस हिरमुसली. पुलासाठी का कोणी सहल काढते?

पारजवळ कोयना नदीवर हा दगडी पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो. लांबी पन्नासेक मीटर असेल. चुन्यात बांधलेला घडीव दगड, कमानी, आणि खांबांना प्रवाहाच्या बाजूने होडीच्या नाळेसारखे टोक काढलेले. पावसाळ्यात जावळीच्या खोऱ्यात जे पाणी लोटते ते खांबावर आदळू नये, दुभंगून जावे, ही त्यातली युक्ती. आम्ही कौतुकाने मध्येच उभे होतो, तर मागून एका जीपवाल्याने भोंगा वाजवून आम्हांला बाजूला केले. तेव्हा लक्षात आले, की गडावर आता फक्त आमच्यासारखे पाहुणे जातात; पूल मात्र अजून नोकरीत आहे!

१८७६ साली आंबेनळी घाटातून गाडीरस्ता झाला. त्यापूर्वी देशावरून रडतोंडीच्या घाटाने खाली उतरायचे, कोयना ओलांडून पारला यायचे आणि पार घाटाने कोकण गाठायचे, अशी जुनी वाट होती. ती लदणीच्या बैलांची वाट. वर मीठ यायचे, खाली धान्य जायचे. इंग्लंडातल्या खेड्यांत ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेले जुने पूल आहेत. त्यांचे कठडे मुद्दाम बुटके ठेवीत, म्हणजे घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारे ओझे घासत नसे. ते इतके अरुंद, की एका वेळी एकच घोडा जावा. पारचा पूल तसा नाही. समोरासमोर आलेले दोन तांडे कोणी कोणाला न थांबवता जातील, एवढा तो ऐसपैस आहे.

तांडे म्हटले, की आपल्याकडच्या लमाणांची आठवण येणारच. बिदर-कलबुर्गीत तांडा नसलेला तालुका कोणता? आज आपण त्यांना वस्तीवरचे लोक म्हणून ओळखतो. पण सतराव्या शतकात दख्खनमध्ये उतरलेल्या फौजांचे पोट त्यांच्या बैलांवर चालत असे. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला, त्यात १४,००० बैल होते. आपण लढाईची तारीख पाठ करतो, तिथवर धान्य कोणी पोचवले हे विचारत नाही. मला वाटते, आपला इतिहास गडाच्या दरवाजाशी अडतो तो इथेच. दरवाजा लोकांना अडवण्यासाठी असतो ना! (परीक्षेत असे लिहिले तर गुण मिळणार नाहीत, हे ठाऊक आहे.) आणि मजा पाहा, आम्ही 'पूल' म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला, कन्नड विभागातले मित्र 'सेतुवे' म्हणतात तो संस्कृतातून; पण बैलाच्या पाठीवरची गोणी दोघांचीही गोणीच.

हे सारे लिहिण्याचे कारण घरचे आहे. माझे आजोळ निलंगा तालुक्यात. १९५६ पूर्वी ते गाव आणि आमचे गाव एकाच बिदर जिल्ह्यात होते; मग राज्ये वेगळी झाली. वाटेतल्या ओढ्यावर जांभ्या दगडाचा एक लहान पूल होता. दर दिवाळीला आईचे बोट धरून मी तो ओलांडला आहे. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, पूल पाडला, सिमेंटचा नवा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आता भर पावसातही एस.टी. आजोळपर्यंत जाते. तक्रार एवढीच, की पाडण्याआधी कोणी त्याचे माप घेतले नाही, साधे चित्रही काढले नाही. मीही नाही.

आपल्या तालुक्यांत असे जुने पूल अजून उभे असतील. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत गावाकडच्या एकाचे माप आणि फोटो आणावा, आणि या अंकाने पुढच्या वर्षी दोन्ही भाषांत त्यांना चार पाने द्यावीत, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे. टेप इतिहास विभागात आहे.

आमच्या पुलाला कमानी किती होत्या, हे परवा मी घरी विचारले. आजी म्हणाली तीन. मामा म्हणतो दोनच. मला आठवत नाही.