सव्वादोन वर्षांत बंद पडणाऱ्या खेळाला परवाना कशासाठी?

मा. श्री. विवेक रणदिवे,
मालक, सॅक्रामेंटो किंग्ज



‘एनबीए २के’ या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या प्रत्येक वार्षिक भागाचे सर्व्हर काही काळाने बंद केले जातात, त्याबद्दल हे पत्र आहे. ते गेम बनवणाऱ्या कंपनीला न पाठवता आपल्याला पाठवतो आहे, कारण कंपनीकडे दाद मागून लोक थकले. २०१९च्या सप्टेंबरात जगभरच्या खेळणाऱ्यांनी ‘२के२० दुरुस्त करा’ म्हणून समाजमाध्यमांवर रान उठवलं. पुढच्या वर्षी, पूर्ण किंमत मोजलेल्या गेममध्ये, मॅच लोड होताना टाळता न येणाऱ्या जाहिराती आल्या. तक्रारींची किंमत तिथे एवढीच आहे.

तारखा पाहा. २के२० सप्टेंबर २०१९ मध्ये बाजारात आला. त्याची ऑनलाइन सेवा ३१ डिसेंबर २०२१ला बंद. २के२१ सप्टेंबर २०२०चा. ३१ डिसेंबर २०२२ला बंद. २के२२ सप्टेंबर २०२१चा. ३१ डिसेंबर २०२३ला बंद. २के२३ सप्टेंबर २०२२चा. ३१ डिसेंबर २०२४ला बंद. एकालाही अठ्ठावीस महिने पुरते मिळाले नाहीत. त्याआधी २के१४चे सर्व्हर तर दीड वर्षातच, ३१ मार्च २०१५ला बंद केले, आणि लोकांनी घरी एकट्याने खेळलेली करिअरसुद्धा उघडेना. ओरड झाली तेव्हा सर्व्हर परत चालू केले आणि यापुढे १८ ते २७ महिने चालवू असं सांगितलं. म्हणजे ही मुदत ठरवून ठेवलेली आहे.

सर्व्हर गेल्यावर साधी मॅच एकट्याने खेळता येते, हे मान्य. पण मायटीम हा अख्खा प्रकार सर्व्हरवर चालतो. एकेक पाकीट फोडून जमवलेले खेळाडू त्या रात्रीनंतर दिसत नाहीत. मायकरिअरमध्ये आपला खेळाडू शून्यापासून घडवायचा असतो: उंची ठरवायची, थ्री-पॉइंटरचं रेटिंग एकेक अंकाने चढवायचं, आणि प्रत्येक अंकाला व्हीसी, म्हणजे गेममधलं चलन, मोजायचं. ते खेळून मिळतं, पण इतकं हळू की पोरं शेवटी खऱ्या पैशाने विकत घेतात. त्या पैशातून गेममधल्या पार्कात, शहरात उभं केलेलं सगळं सर्व्हरबरोबर जातं. नव्या गेममध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात आणि पुन्हा व्हीसी.

अमेरिकेत नव्या कन्सोलसाठी गेमची किंमत २०२०मध्ये ६० डॉलरवरून ७० डॉलर केली. आमच्याकडे अशी डिस्क चार-पाच हजारांच्या घरात पडते. जामनेर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते अर्ध्या-पाऊण क्विंटल कापसाचे पैसे आहेत. डाउनलोड करायचा तर शंभर जीबीच्या वर डेटा लागतो. पहूरसारख्या गावात पोरगा मोबाईलचा दिवसाचा दीड-दोन जीबी पुरवून पुरवून वापरतो. लाइन गेली की पुन्हा वाट बघायची. एवढं करून हाती आलेली वस्तू त्याला सहा-सात वर्षं पुरली पाहिजे. ती सव्वादोन वर्षांत निकामी करणं ही फसवणूक आहे, आणि हा शब्द मी तोलूनमापून वापरतो आहे.

आता हे आपल्याला का? कारण गेमला परवाना एनबीए ही लीग देते, आणि एनबीए म्हणजे आपण सगळे, तीस संघांचे मालक. कंपनी फार तर भाडेकरू आहे. १९९९मध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर व्हिज्युअल कन्सेप्ट्सने ही मालिका सुरू केली. २००५मध्ये सेगाने तो स्टुडिओ टेक-टूला, म्हणजे आताच्या कंपनीला, २.४ कोटी डॉलरला विकला. तेव्हा बाजारात ईए कंपनीचा ‘एनबीए लाइव्ह’ तोडीस तोड होता. २०१०मध्ये ईएला ‘एलिट ११’ ऐनवेळी रद्द करावा लागला, आणि ‘लाइव्ह १९’नंतर तर नवा भागच आला नाही. स्पर्धा संपली तशी खेळणाऱ्याची किंमतही संपली. २०१९च्या सुरुवातीला लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी टेक-टूशी सात वर्षांचा करार वाढवला. त्याची रक्कम १.१ अब्ज डॉलरपर्यंत असल्याच्या बातम्या होत्या. त्यात आपल्या संघाचाही वाटा आहे. शिवाय याच गेमची एनबीए २के लीग २०१८मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या सतरा संघांत आपला किंग्ज गार्ड हा संघ होताच. तेव्हा हे प्रकरण आपल्याला माहीत नाही, असं म्हणता येणार नाही.

आपण मुंबईचे. ऑक्टोबर २०१९मध्ये किंग्ज आणि पेसर्स यांना आपण वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणलंत. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी होता, आणि पेसर्सने तो जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. भारतातल्या मुलांनी हा खेळ आपला मानावा, हाच त्यामागचा हेतू होता ना? पहूरच्या मुलांच्या वाट्याला डोम येत नाही, लाकडी कोर्टही नाही. त्यांना पिक अँड रोलसारखा डाव कळतो तो याच गेममधून. त्यांचाच दरवाजा आपल्या परवान्याखाली बंद होतो आहे.

आपण मुलीच्या संघाला शिकवलंत तेव्हा स्वतः बास्केटबॉल खेळलेला नव्हतात. तरी सगळे पाळतात ती रीत आपण पाळली नाहीत आणि बारा वर्षांच्या मुलींना पूर्ण कोर्टभर दाब द्यायला लावलंत. इथेही ‘दोन वर्षांनी सर्व्हर बंद’ ही नुसती पडलेली रीत आहे, आणि अशा रीतींना आता आव्हान मिळू लागलं आहे. आपल्या सॅक्रामेंटोतल्याच विधिमंडळाने २०२४मध्ये कायदा केला, की डिजिटल वस्तू विकताना ती मालकीची नसून फक्त वापराचा परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. युरोपात गेम बंद पाडण्याविरुद्धच्या मागणीवर २०२५मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

पुढचा करार लिहिताना त्यात अट घाला. सर्व्हर बंद करण्याआधी मायकरिअर आणि मायटीम सर्व्हरशिवाय चालतील असा शेवटचा अपडेट कंपनीने दिलाच पाहिजे. विकत घेतलेलं व्हीसी पुढच्या भागात वळतं झालं पाहिजे. बंद होण्याची तारीख डिस्कच्या वेष्टनावर, विकण्याआधी, ठळक छापली पाहिजे. कंपनीला हे मान्य नसेल तर परवाना दुसऱ्याला द्या. मालकांच्या बैठकीत हा विषय आपण मांडणार की नाही, याचं उत्तर जाहीरपणे द्यावं.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी
पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव