श्रमदान वेगळे, वेठ वेगळी!

रिक्त जागा भरा, ही मागणी घेऊन आम्ही आजवर किती वेळा वाटाघाटींना बसलो याची मोजदाद आम्ही सोडून दिली आहे. उत्तरे ठरलेली असतात. पैसा नाही, फाइल वर गेली आहे, विचार चालू आहे. पण मध्यंतरी एका बैठकीत एका तरुण, हुशार अधिकाऱ्याने नवेच उत्तर आमच्या तोंडावर फेकले. ते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, जग कुठे चालले आहे ते बघा. जिनिव्हाला सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. विश्व कशाचे बनले याचा शोध तिथे चालतो. तिथले प्रोग्राम सगळ्यांना खुले आहेत. जगभरातले प्रोग्रामर घरी बसून, एक पैसा न घेता त्यांत भर घालतात. जगातले सर्वांत अवघड काम स्वयंसेवकांवर चालते, आणि तुम्ही अजून जागा, ग्रेड आणि ओव्हरटाइम धरून बसला आहात!"

खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मॅट्रिक. अणूच्या पोटात काय असते ते शाळेत शिकलो तेवढेच. पण समोरच्याने टाकलेला मुद्दा तपासल्याशिवाय सोडायचा नाही, ही सवय आम्हाला युनियनने लावली आहे. आमच्या शाखेतल्या सिग्नल खात्यातील एका साथीचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. तो रात्री रेल्वे क्वार्टरच्या ओसरीत बसून याच सर्नच्या एका प्रोग्राममधल्या चुका शोधतो, असे कळले. चार रविवार आम्ही त्याच्याशेजारी बसलो. जे समजले ते आज साथींपुढे मांडत आहोत, कारण हा मुद्दा उद्या तुमच्याही तोंडावर फेकला जाणार आहे.

आधी खरे ते कबूल करू

सर्न ही १९५४ साली युरोपातील राष्ट्रांनी मिळून उभी केलेली प्रयोगशाळा. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉन नावाचे सूक्ष्म कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवून एकमेकांवर आदळवतात आणि त्या टकरीतून काय निघते ते नोंदवतात. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली ती इथूनच.

या कामाचा जीव प्रोग्राममध्ये आहे. टकरींच्या नोंदींचे डोंगर साचतात, त्यांतून कामाची नोंद शोधायची तर माणसाचे डोळे पुरत नाहीत. त्यासाठी १९९५ साली रेने ब्रून आणि फॉन्स रॅडमेकर्स यांनी सर्नमध्ये 'रूट' नावाच्या प्रोग्रामचे काम सुरू केले. कण एखाद्या पदार्थातून जाताना काय होईल याचा हिशेब करणारा 'जिआंट-४' नावाचा दुसरा प्रोग्राम आहे. कर्करोगावरच्या किरणोपचाराच्या अभ्यासातही तो वापरतात. हे दोन्ही कोणालाही उघडून वाचता येतात, फुकट वापरता येतात, दुरुस्त करता येतात.

आणि स्वयंसेवक आहेत, हेही खरे. २००४ साली सर्नने सामान्य माणसांना आवाहन केले, की तुमच्या घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा आम्हाला वापरू द्या. एका वेळी साठ कण, त्या बोगद्यात लाखो फेऱ्या मारताना वाटेवर टिकतात की भिंतीवर जाऊन आदळतात, याचा हिशेब या घरगुती संगणकांनी केला. आपल्याकडे नव्या वळणावर गाडी सोडण्याआधी चाचणी घेतात, तसेच ते. ज्यांना प्रोग्राम लिहिता येतो ते चुका शोधतात, दुरुस्त्या पाठवतात. आमच्या साथीच्या मुलाची एक दुरुस्ती तिथल्या लोकांनी तपासली, दोनदा परत पाठवली आणि मग स्वीकारली. ज्या दिवशी स्वीकारली त्या दिवशी त्याच्या आईने शिरा केला होता. आम्हालाही मिळाला.

आम्ही त्याला विचारले, "बाबा रे, यातून तुला काय मिळते?" तो म्हणाला, "काका, हे मी कुणाच्या हुकमाने करत नाही. आणि मी लिहिलेले उद्या कुणी कुलपात घालू शकत नाही. म्हणून करतो." हे वाक्य ध्यानात ठेवा. सगळा लेख या वाक्यावर उभा आहे.

अधिकाऱ्यांनी गाळलेले अर्धे

आता साहेबांनी जे सांगितले नाही ते पाहू.

पहिली गोष्ट. सर्न स्वयंसेवकांवर चालत नाही. सदस्य राष्ट्रे आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात दरवर्षी वर्गणी भरतात आणि ती वर्गणी शंभर कोटी स्विस फ्रँकच्या वर जाते. चुंबके बसवणारे, वीज सांभाळणारे, प्रोग्राम जपणारे, सगळे पगारी. बाहेरून येणारे हजारो शास्त्रज्ञ आपापल्या विद्यापीठांचे, संस्थांचे पगारदार. आपला देश २०१७ पासून तिथला सहयोगी सदस्य आहे, म्हणजे आपल्या करातूनही वर्गणी जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक तिथल्या प्रयोगात आहेत आणि टकरींच्या नोंदी तपासणारे एक संगणक केंद्रही त्या संस्थेत आहे. बोगद्यातली अवजड चुंबके केसभरही न हलता जागेवर बसावीत यासाठी लागणारे सात हजारांवर जॅक भारतातून गेले, इंदूरच्या सरकारी संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली. ते जॅक कोणी रिकाम्या वेळात, हौसेने केले नव्हते. पगार घेणाऱ्या कामगारांनी कारखान्यात केले होते. कायम कामगारांच्या खांद्यावर स्वयंसेवक उभा आहे, साहेब. खांदा काढून घ्या आणि मग बघा काय होते ते!

दुसरी गोष्ट. स्वयंसेवक जे देतो ते सर्वांचे राहते. 'रूट'चा परवानाच असा आहे, की कोणी त्यात बदल करून तो पुढे वाटला तर तो बदलही उघडा ठेवावा लागतो. गावाने श्रमदानातून विहीर खणावी आणि ग्रामसभेने ठराव करावा, की या विहिरीला कधी कुलूप लागणार नाही. अशा विहिरीसाठी माणूस घाम गाळतो. पण पाटलाच्या मळ्यात विहीर खणायला गावाला जुंपले आणि त्याला श्रमदान म्हटले, तर ते श्रमदान नव्हे, ती वेठ! साहेब, आमच्या फुकट घामाची विहीर कोणाच्या मळ्यात खणली जाणार आहे, तेवढे आधी सांगा.

कुलूप काय करते तेही सर्नने भोगले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रोग्राम तिथे वर्षानुवर्षे शिक्षणसंस्थेच्या सवलतीत वापरत होते. कंपनीने एक दिवस ठरवले, की तुम्ही शिक्षणसंस्था नाही. २०१९ साली सर्नने जाहीर केले, की नव्या दराने परवान्याचा खर्च दहा पटींहून अधिक होणार आहे, तेव्हा आम्ही पर्याय शोधू. सबंध युरोपच्या पाठबळावर उभ्या असलेल्या संस्थेची ही गत, तर कंत्राटदाराच्या प्रोग्रामवर बसवलेल्या बुकिंग खिडकीची किंवा टपालाच्या काउंटरची काय असेल?

उलट हीच सर्न देते कशी ते पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिथे नोकरीत असताना वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र कोणतेही शुल्क न ठेवता जगाला खुले केले. आज त्या रस्त्यावर जागोजागी खाजगी कंपन्यांचे टोलनाके आहेत. रस्ता मात्र सार्वजनिक पैशाने, पगारी माणसांनी बांधला.

एकट्या कीमनची गोष्ट

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि ती आपल्या गँगमन, कीमन बांधवांना चटकन कळेल.

नवा प्रोग्राम लिहिणे म्हणजे नव्या मार्गाचे उद्घाटन. हार असतात, फोटो असतात. पण रोज उठून रुळावरून चालत, ढिली चावी ठोकत जाणारा कीमन फोटोत नसतो. प्रोग्राममध्येही असे कीमन असतात. जगाच्या संगणकांत 'एक्सझेड' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, माहिती दाबून लहान करणारा. 'रूट'ला माहिती दाबता येते अशा पद्धतींमध्ये त्याचीही पद्धत आहे. तो बराच काळ मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, सांभाळत होता. तो थकला होता, तसे त्याने लिहूनही ठेवले होते. तरी लोक तगादा लावत होते, लवकर करा, होत नसेल तर दुसऱ्याला द्या. मग एक मदतनीस पुढे आला, त्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला, आणि २०२४ साली उघड झाले, की त्याने त्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवला होता. एका इंजिनियरला संगणक अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतो अशी शंका आली, म्हणून चोरी पकडली गेली. नाहीतर जगातल्या असंख्य संगणकांच्या किल्ल्या चोराच्या हाती गेल्या असत्या.

ही चूक त्या थकलेल्या माणसाची नव्हे. ज्या कंपन्यांनी त्याच्या कामावर कोट्यवधी कमावले आणि त्याच्या मदतीला एक माणूस नेमला नाही, त्यांची ही चूक आहे. लांबलचक बीटवर एकटा कीमन पाठवायचा, रजा मागितली तर रिलीव्हर नाही म्हणायचे, आणि अपघात झाला की चार्जशीट त्याच्याच हातात द्यायची. ही पद्धत आम्हाला नवीन नाही!

'स्वयंसेवक' या शब्दाचा इतिहास

साहेबांना वाटते हा शब्द जिनिव्हाहून आला. टपालातल्या साथींना विचारा. 'खात्याबाहेरचे' म्हणून नेमलेला, आज ग्रामीण डाक सेवक म्हणवला जाणारा माणूस खात्याचीच पिशवी वाहतो, खात्याचाच शिक्का मारतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद हे नागरी सेवेतले पद आहे असे सांगितले. तरीही नियमित नोकरांना वेतन आयोग, आणि याला वेगळी समिती, तासांवर मोजलेला भत्ता! २००५ पासून खेड्यापाड्यांत राबणाऱ्या आशाताईंनाही कागदावर स्वयंसेविकाच म्हणतात. काम सक्तीचे, वेळ सक्तीची, जाब सक्तीचा. ऐच्छिक फक्त पगार!

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. काम करणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का? केलेल्या कामावर त्याचे नाव राहते का? ते काम सर्वांचे राहते, की मालकाच्या तिजोरीत जाते? आणि त्याने उद्या हात काढून घेतला तर काम सांभाळायला पगारी माणूस आहे का? आमच्या साथीच्या मुलाच्या कामाला ही चारही उत्तरे नीट मिळतात. ते श्रमदान आहे आणि त्याला आमचा सलाम आहे. थकलेल्या त्या एकट्या माणसाच्या बाबतीत चौथे उत्तर मिळाले नाही, आणि घात झाला. साहेबांच्या योजनेला तर एकही मिळत नाही.

थोडे आपल्याही घरात पाहू

साथींनो, बोट फक्त साहेबांकडे दाखवून चालणार नाही. संगणक आला तेव्हा आपण नोकऱ्या जातील म्हणून विरोध केला. ती भीती खोटी नव्हती. पण त्या यंत्राच्या पोटात काय लिहिले आहे, कोणी लिहिले, ते कोणाच्या मालकीचे, हे आपण विचारले नाही. टपाल खात्याने २०२५ साली देशभर जी नवी प्रणाली आणली ती बाहेरच्या कंपनीने नव्हे, खात्याच्याच मैसूरच्या केंद्राने केली. काउंटरवर सुरुवातीला त्रास झाला असेल, पण खात्याचा माणूस हे करू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. हे आपण सभेत किती वेळा सांगितले? आणि आपल्याच क्वार्टरमधला मुलगा जगाच्या प्रयोगशाळेला हातभार लावतो, याची खबर आपल्याला एका अधिकाऱ्याच्या टोमण्यामुळे लागावी, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. जनतेच्या पैशाने रेल्वेसाठी व टपालासाठी लिहिलेला प्रोग्राम जनतेच्या मालकीचा राहावा. सुरक्षिततेचा भाग सोडून तो तपासणीसाठी खुला असावा.

२. तो जपण्यासाठी खात्यातच कायम जागा निर्माण कराव्यात आणि त्या कंत्राटाने भरू नयेत.

३. मंजूर जागा रिकामी ठेवून तिथे स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी किंवा मानधनी नेमण्याची प्रथा बंद व्हावी.

४. आपल्या शाखांनी संगणक जाणणाऱ्या तरुण साथींना आणि कामगारांच्या मुलामुलींना युनियनच्या कचेरीत जागा, वीज आणि मान द्यावा.

त्या अधिकाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण सर्नचे उदाहरण दिलेत, ते आम्ही स्वीकारतो. पण अर्धे नव्हे, पूर्ण स्वीकारतो. तिथल्यासारखे हिशेब उघडे ठेवा, तिथल्यासारखे काम सर्वांच्या मालकीचे करा, तिथल्यासारखी पगारी माणसे आधी नेमा. मग एखाद्या रविवारी श्रमदानाला हाक मारा. फावडे घेऊन पहिले आम्ही येऊ.

कामगार एकजुटीचा विजय असो!