पाचशे फुटांखालचे शिक्षण

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला 180 वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केले आणि पुढे तिच्यासाठी 34 लहान विमानांची मागणीही नोंदवली. शिरपूर, गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर ही नावे वैमानिक प्रशिक्षणाच्या नकाशावर आधीपासून आहेत. येत्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या आकाशात शिकाऊ विमानांची वर्दळ वाढणार हे उघड आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे. पण याच प्रकारच्या विमानांच्या अलीकडच्या बातम्याही विसरता येत नाहीत. जुलै 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. मार्च 2023 मध्ये गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले विमान बालाघाटच्या डोंगरात पडले आणि आतले दोघेही गेले. ऑगस्ट 2024 मध्ये जमशेदपूरहून उडालेले विमान चांडिलच्या जलाशयात बुडाले, तेव्हाही दोघे दगावले. एप्रिल 2025 मध्ये गुजरातेत अमरेलीच्या भरवस्तीत विमान कोसळून एकटाच उडत असलेला प्रशिक्षणार्थी मृत्युमुखी पडला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, सगळ्यांना एकाच दोरीत बांधणे अन्यायाचे होईल. मात्र लहान विमानांच्या जीवघेण्या अपघातांचा जगभर जो अभ्यास झाला आहे, त्यात एक कारण पुन्हा पुन्हा सर्वांत वर येते: उडत्या विमानावरचा वैमानिकाचा ताबा सुटणे. हे कारण सर्वाधिक निर्दयपणे घाला घालते ते जमिनीजवळ, उड्डाण करताना आणि उतरताना. भारतात वैमानिक घडवण्याची घाई सुरू असताना त्याची चर्चा मात्र जवळजवळ होत नाही.

या विषयावर सर्वांत सविस्तर नोंदी अमेरिकेत आहेत, कारण लहान विमाने सर्वाधिक तिथेच उडतात. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या हिशेबानुसार 2008 ते 2014 या काळात लहान विमानांच्या जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत ताबा सुटणे हे कारण होते आणि त्यात 1,210 माणसे गेली. विमानमालक व वैमानिकांच्या तिथल्या संघटनेने 1993 ते 2001 मधील स्टॉल (पंखांची उचल जाणे) आणि स्पिन (विमान गिरकीत जाणे) यांचे साडेचारशेहून अधिक जीवघेणे अपघात तपासले, तेव्हा त्यांतील किमान 80 टक्क्यांची सुरुवात जमिनीपासून हजार फुटांच्या आत झाल्याचे दिसले. उतरताना धावपट्टीवर आपटून उसळणारी, आडव्या वाऱ्यात भरकटून बाजूच्या गवतात शिरणारी विमाने संख्येने याहून पुष्कळ अधिक असतात. पण त्यात बहुधा चाक मोडते, पंखा वाकतो आणि माणसे चालत बाहेर येतात. जमिनीपासून तीन-चारशे फुटांवर ताबा सुटला तर बाहेर चालत येण्याची आशा फार थोडी उरते.

हे का घडते, ते समजून घेतल्याशिवाय उपायांची चर्चा व्यर्थ आहे. विमानाचा पंख वेग कमी झाला म्हणून उचल सोडतो, असा सर्वसाधारण समज आहे. खरे पाहता समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे, ढोबळमानाने पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा फाटते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात आणि तो कोणत्याही वेगाला होऊ शकतो. विमान 45 अंशांत कलवून उंची टिकवायची म्हटले, तर स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो; 60 अंशांत तो 41 टक्क्यांनी वाढतो. आता उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण पाहा. विमान साधारण पाचशे फुटांवर आहे, मागून वारा ढकलतो आहे, धावपट्टीची रेषा हुकते आहे. आणखी कलवण्याची भीती वाटते म्हणून वैमानिक पायाने रडर दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्यामुळे विमान जास्तच कलू लागते, तर ते थोपवायला हात उलट्या दिशेला जातो. नाक खाली जाते, तर तो दांडी मागे ओढतो. यातली प्रत्येक हालचाल त्या क्षणी शहाणपणाची वाटते. सगळ्या एकत्र आल्या की आतल्या बाजूचा पंख आधी उचल सोडतो आणि विमान पाठीवर पडत गिरकीत शिरते. सेसना 152 या शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत एका गिरकीतून सावरायला किमान हजार फूट धरून चालावे असे सांगितले आहे. वैमानिकापाशी त्याच्या निम्मेच असतात. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यावर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह हा त्याच गणिताचा दुसरा चेहरा आहे. इंजिन गेलेले विमान समोरच्या शेतात उतरवल्यास माणसे वाचण्याची शक्यता बरीच असते. वळणात स्टॉल झाल्यास ती जवळजवळ संपते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चूक वैमानिकाची, मग व्यवस्थेला कशाला बोल लावायचा? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावरचा 9 जून 2016 चा अपघात इथे नीट अभ्यासण्यासारखा आहे. मोठ्या प्रवासी विमानांच्या गर्दीत एक लहान सिरस विमान उतरू पाहत होते. नियंत्रण मनोऱ्याने त्याला कधी एका, कधी दुसऱ्या धावपट्टीकडे वळवले आणि उतरण्याचे प्रयत्न एकामागून एक फसत गेले. शेवटच्या वेळी पुन्हा वर चढताना पुरेसा वेग येण्यापूर्वीच, कमी वेगात पंखांची उचल वाढवणारे फ्लॅप आत घेतले गेले, पंखांनी उचल सोडली आणि विमान एका दुकानाच्या वाहनतळावर कोसळले. तिघेही गेले. तपासात वैमानिकाची चूक नि:संदिग्धपणे नोंदवली गेली. त्याचबरोबर मनोऱ्याने त्या विमानाला गर्दीच्या घेऱ्यात ठेवण्याचा निर्णय आणि ऐन कठीण क्षणी दिलेली गुंतागुंतीची सूचना, यांनीही अपघाताला हातभार लावल्याचे तितक्याच स्पष्टपणे लिहिले गेले. दोष कोणाचा, एवढ्यावर थांबणारा तपास मेलेल्याला शिक्षा देतो आणि पुढच्याला काही शिकवत नाही. कोणत्या परिस्थितीत साधारण कुवतीचे माणूस ही चूक करते, हा प्रश्न विचारला तरच पुढची चूक टाळता येते. शिकाऊ वैमानिक तर व्याख्येनेच साधारण कुवतीचा असतो.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला गिरकीतून बाहेर पडायला शिकवा, म्हणजे भीती जाईल आणि जीव वाचतील, असे जुने वैमानिक मनापासून सांगतात. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी गिरकीचे प्रात्यक्षिक एकेकाळी सक्तीचे होते. 1949 मध्ये ती सक्ती काढून स्टॉल ओळखण्यावर आणि टाळण्यावर भर दिला गेला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जीवघेण्या अपघातांतला स्टॉल आणि स्पिनचा वाटा निम्म्याहून खाली आला. विमानेही त्या काळात अधिक समंजस घडू लागली होती, तेव्हा सगळे श्रेय एका नियमाला देता येणार नाही. पण सक्ती काढल्याने हाहाकार होईल हे भाकीत खोटे ठरले, इतके नक्की. प्रशिक्षकाला गिरकीचा अनुभव हवाच, आणि अमेरिकेत तो आजही सक्तीचा आहे. विद्यार्थ्याला मात्र पाचशे फुटांवर त्या कसबाचा उपयोग नाही, कारण ते वापरायला लागणारी उंचीच तिथे नसते. यंत्राकडून आशा ठेवणाऱ्यांचीही गत काहीशी अशीच होते. गिरकीत जाऊच न शकणारे एर्कूप हे विमान फ्रेड वाइक या अभियंत्याने 1940 च्या सुमारासच घडवले होते, पण वैमानिकांनी त्याला मुख्य प्रवाहात येऊ दिले नाही. सिरस विमानांत अख्खे विमान तोलणारे पॅराशूट असते आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. मात्र गिरकीत शिरलेल्या विमानाला त्यासाठी नऊशे फुटांच्या आसपास उंची लागते. पंखाचा कोन दाखवणारी साधी उपकरणे त्यामानाने फार उपयोगी आहेत, कारण ती घटना घडण्याआधी बोलतात. ती बसवणे सोपे जावे म्हणून अमेरिकेच्या नियामकाने 2014 मध्ये मंजुरीची प्रक्रिया हलकी केली. भारतातल्या प्रशिक्षण विमानांत ती सक्तीची का नसावीत, याचे पटेल असे कारण दिसत नाही.

उपकरण कितीही चांगले असले तरी त्याचे ऐकण्याची सवय लावावी लागते आणि सवयी कशा बिघडतात याचा एक बोलका पुरावा परीक्षेच्या नियमांतच सापडतो. संथ उड्डाणाच्या अमेरिकी चाचणीत कित्येक वर्षे स्टॉलचा इशारा देणारा भोंगा वाजत असतानाच विमान स्थिर उडवून दाखवावे लागे. भोंगा वाजला तरी चालते, हाच धडा त्यातून नकळत गिरवला जात होता. 2016 मध्ये ती चाचणी बदलली. आता भोंगा वाजू न देता संथ उडावे लागते. अशा सवयी लहान विमानात लागतात आणि मोठ्या विमानात सोबत येतात. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन कंपनीचे प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना स्टॉलचा इशारा आला आणि कप्तानाने दांडी पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढली. जमिनीवरच्या एकासह 50 जण गेले. त्यानंतर अमेरिकेने प्रवासी वैमानिकासाठी 1,500 तासांची अट घातली. वास्तविक त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांच्या नावावर प्रत्येकी 2,000 हून अधिक तास होते. तास होते, पण योग्य क्षणी करायची योग्य हालचाल अंगात मुरलेली नव्हती.

भारताची व्यवस्था मात्र अजून तासांभोवतीच फिरते. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात आणि विद्यार्थी, पालक, संस्था सगळ्यांची नजर त्या आकड्यावर खिळलेली असते. पन्नास लाखांच्या पुढे जाणारा खर्च, डोक्यावरचे कर्ज, पावसाळ्यात बंद पडणारी उड्डाणे आणि पुढे रांगेत उभे असलेले आणखी पंधरा विद्यार्थी. अशा स्थितीत तास भरणे हेच शिक्षण होऊन बसते. राजस्थानात 2011 मध्ये न उडालेले तास नोंदवहीत चढवल्याचे प्रकरण उघड झाले, ते या मानसिकतेचे टोक होते. शिकवणारा अनेक ठिकाणी स्वतःच नुकताच परवाना मिळवलेला तरुण असतो, तोही विमान कंपनीत नोकरी लागेपर्यंत तास जमवत असतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण बेस ते फायनलच्या, म्हणजे उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात विद्यार्थ्याचा पाय कुठे दाबतो आहे, हे क्षणात ओळखण्याचा अनुभव त्याच्यापाशी असेलच असे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2025 मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. वरचे दोन दर्जे एकाही संस्थेला मिळाले नाहीत. ही क्रमवारी उघड करण्याचे धाडस कौतुकास्पद आहे. तिच्या पुढच्या फेऱ्यांत पाचशे फुटांखालचे शिक्षण कसे होते, याला वेगळे गुण हवेत.

त्यातही सर्वाधिक दुर्लक्षित कसब म्हणजे उतरणे सोडून देऊन पुन्हा वर चढणे, ज्याला वैमानिक गो-अराउंड म्हणतात. वेग जास्त आहे, रेषा हुकली आहे, विमान उसळले आहे, या प्रत्येक प्रसंगी सुटकेचा मार्ग हाच असतो. पण तो मार्गही सरावाविना धोक्याचा आहे: एकदम पूर्ण ताकद दिली की उतरताना नाक वर धरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे नाक झपाट्याने वर उठते आणि विमान डावीकडे ओढले जाते, ह्यूस्टनसारखे फ्लॅप घाईने आत घेतले की उरलेली उचलही जाते. म्हणून हा सराव विद्यार्थ्याने एकट्याने उडण्याआधी कितीदा आणि कोणकोणत्या उंचीवरून केला, याची स्वतंत्र नोंद व्हावी. आपल्याकडे गो-अराउंडकडे अपयश म्हणून पाहिले जाते, शेरा मारला जातो. ज्या विद्यार्थ्याने वेळेत उतरणे सोडले त्याला गुण मिळायला हवेत. एवढी कडक अट घातली तर देशाला हवे असलेले हजारो वैमानिक मिळणार कसे, असे विमान कंपन्या विचारतील. त्यांची गरज खरी आहे. पण या सरावाला जादा तास लागत नाहीत, आहेत त्याच 200 तासांचा वापर बदलावा लागतो. आणि एक अपघात झाला की संस्था महिनोन्महिने बंद राहते, विद्यार्थी अडकून पडतात, हा खर्च कंपन्यांच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो.

हे सगळे करायचे तर आपल्याच अपघातांची नीट माहिती हाती हवी. विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवाल संकेतस्थळावर येतात, पण एकेकटे, उशिरा आणि इंग्रजीत. किती अपघातांत ताबा सुटला, किती फुटांवर, वळणात की चढताना, प्रशिक्षक सोबत होता की नव्हता, अशी वर्षवार आणि संस्थावार मांडणी विभागाने आणि डीजीसीएने मिळून दरवर्षी प्रसिद्ध करावी. अपघात होता होता वाचलेल्या प्रसंगांची माहिती देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षेपासून लेखी संरक्षण द्यावे. अमरावतीत नव्याने उभी राहणारी संस्था मोठी आहे, तिच्यामागे एका मोठ्या विमान कंपनीचे बळ आहे. पंखाचा कोन दाखवणारी उपकरणे, गो-अराउंडची वेगळी नोंदवही आणि अनुभवी प्रशिक्षकांना टिकवून ठेवील असा पगार, या तीन गोष्टी तिने स्वतःहून पहिल्या तुकडीपासून सुरू कराव्यात, आणि राज्य सरकारने प्रशिक्षणासाठी धावपट्ट्या भाड्याने देताना इतर संस्थांच्या करारांतही त्यांचा समावेश करावा.