भिंतीवरची कामठी

नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, तालुक्याच्या गावी पाहुण्यांना धनुष्यबाण देऊन सत्कार करतात. मी मास्तर, त्यामुळे एका वर्षी माझाही नंबर लागला. प्लायवूडचं धनुष्य, त्यावर सोनेरी रंग, दोरीच्या जागी पिवळा नायलॉन आणि तीर मधोमध खिळ्याने ठोकलेला. मी ते मोठ्या कौतुकाने घरी आणलं. बा ओट्यावर बसला होता. त्याने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, दोरी दोन बोटांनी ओढून पाहिली. ती हलली नाही.

"याचा तीर सुटत नाही?" बाने विचारलं.

"नाही बा. हे भिंतीवर लावायचं असतं."

"मग खुंटीच द्यायची होती. सदरा तरी अडकवला असता."

बा बोलायचा भिलीत, मी इथे मराठीत लिहितोय. पण त्याच्या त्या एका वाक्यात जे होतं, तेच मला या लेखात मांडायचं आहे. माझं भांडण या भिंतीशी आहे.

आमच्या सातपुड्यात धनुष्याला कामठी म्हणतात. कामठीबद्दल बोलणारी माणसं मला दोन प्रकारची भेटली. एक म्हणतात, ही आदिवासींची शान आहे, ती जपा. दुसरी म्हणतात, हे जनावरं मारायचं हत्यार आहे, ते गेलं तेच बरं. पहिल्यांच्या दिवाणखान्यात कामठी लटकलेली असते, दुसऱ्यांच्या फायलीत ती जप्तीचा माल असते. दोघांनीही ती कधी राखलेली नाही. कामठी राखणं म्हणजे काय हे माहीत असतं, तर दोघांनीही असं बोलायची घाई केली नसती.

राखणं सुरू होतं ते बांबूपासून. काटस बांबू जाड दिसतो, पण आतून पोकळ. त्याच्या टोपल्या करा, मांडव करा. कामठीला लागतो मानवेल, भरीव, चिवट. तोही कोवळा चालत नाही, तीन पावसाळे पाहिलेला हवा. बा बेटात शिरला की आधी विळा काढत नसे. बांबूवर बोटाच्या पेराने टकटक करायचा, पेरं किती अंतरावर आहेत ते बघायचा, खालची साल खरडून रंग पाहायचा. पावसाळ्यात तोडायचा नाही, कारण तेव्हा कोंब फुटत असतात आणि बांबूच्या अंगात गोडी असते. त्या गोडीला भुंगा येतो. थंडी पडली की तोडायचा. मग सावलीत वाळवायचा, आणि नंतर चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवायचा. एका कामठीच्या बांबूला घरात येऊन वर्ष होत आलं की बा म्हणायचा, "आता बोलू त्याच्याशी."

तासणं त्याहून जिकिरीचं. बांबूची बाहेरची साल म्हणजे त्याचा कणा. तिच्यावर विळा लागू द्यायचा नाही. तासायचं ते आतल्या बाजूने, शेवटी तर फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडून. मध्येमध्ये ओढून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. एक बाजू आळशी असली तर दुसरीवर भार येतो आणि ती एक दिवस मोडते. बा म्हणायचा, दोन भावांसारखं आहे ते. दोरीसुद्धा बांबूचीच, सालीच्या पातळ पट्टीची. काम झालं की ती एका टोकाने सोडून ठेवायची. ताणलेल्या कामठीला वाकायची सवय लागते, मग तिच्यात जोर राहत नाही. वर्षातून एकदोनदा मोहाच्या बियांचं तेल चोळायचं.

आणि कामठी माणसाच्या मापाची हवी. जत्रेत पोरं सर्वांत जड कामठी उचलून दाखवायची. बा हसायचा. त्याचा हिशेब साधा होता. दहा वेळा पूर्ण ओढ, थांब, सोड. अकराव्या वेळी हात थरथरला तर ती कामठी तुझी नाही.

शहरातले पाहुणे मला एकलव्याच्या अंगठ्याबद्दल हमखास विचारतात. भिल्ल अंगठा न लावता तीर ओढतात, ते एकलव्याच्या आठवणीसाठी ना? त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला तयार असतं. बाने मला ही गोष्ट कधी सांगितली नाही. त्याने सांगितलं ते एवढंच, की अंगठ्याने तीर चिमटलास तर सुटताना तो वाकडा जाईल. आमचं दुःख लोकांना पाठ आहे. आमची अक्कल मात्र कोणी विचारत नाही.

तिराचंही तसंच. बरू सरळ दिसतो, पण नसतो. निखाऱ्यावर हळू शेकायचा, गरम असताना वाक काढायचा, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहायचं. पिसं कोंबड्याची किंवा मोराची गळून पडलेली, पण सगळी एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या-उजव्याची गल्लत केली की तीर हवेत अडखळतो. लोखंडी पातं बसवलं की खाली सुताचे घट्ट वेढे, नाहीतर बरू चिरतो. पात्याला गंज चढू द्यायचा नाही, धार दगडावर लावलेली हवी.

ही धार कशासाठी, ते मला एका सशाने शिकवलं. सत्तर सालाच्या आधीची गोष्ट. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. बाला न विचारता जुना तीर घेऊन गेलो, पात्यावर गंज होता. ससा लांब होता, तरी मी सोडला. लागला, पण ससा पळाला. बाला कळलं तेव्हा त्याने मारलं नाही. मला घेऊन अंधार पडेपर्यंत झुडपं धुंडाळली. दुसऱ्या दिवशी कावळे ओरडले तिथे ससा सापडला. रात्रभर तो कसा मेला असेल हे बाने मला बोलून दाखवलं नाही, नुसतं तिथे उभं केलं. त्या पावसाळ्यात त्याने मला कामठीला हात लावू दिला नाही. त्याचे नियम मग मला कळले. पंचवीस पावलांच्या पुढे सोडायचा नाही, बोथट तीर न्यायचा नाही, पोटुशीवर रोखायचा नाही, लागलं तर शोधल्याशिवाय परतायचं नाही. अवजाराची निगा ही आमच्याकडची शिकारीची नीती होती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मास्तर, तुम्हाला शिकार परत सुरू करायची आहे. नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा मला मान्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आमचे बरेच हक्क मानले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. तेही मला मान्य आहे. आमच्या डोंगरात आता ससा दिसला तरी पोरं शाळेत येऊन सांगतात, इतकी जनावरं कमी झाली. त्यांच्यावर आता बाणही नको. पण जंगल रिकामं कोणी केलं याचा हिशेब मांडायचा तर नीट मांडा. जीपगाड्या, सर्चलाइट आणि बंदुका घेऊन रात्री येणारे आमच्या पाड्यातले नव्हते. आणि झाडं गेल्यावर जनावरं राहतात कुठे? वर्षभर वाळवलेल्या बांबूच्या, पंचवीस पावलांच्या हत्याराने डोंगर उजाड होत नाही.

कामठीवरचा राग जुना आहे. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं ते सांगितलं, त्यात बंदूक आहे, तलवार आहे, तोफ आहे आणि त्याच यादीत धनुष्यबाणही आहे. खाज्या नाईकांच्या भिल्लांनी त्यांना सातपुड्यात झुंजवलं होतं, तेव्हा त्यांची भीती तरी समजते. आताच्या लोकांना तीही भीती नाही. त्यांनी कामठीला खिळा ठोकला आणि तिचा सत्कार केला.

एकदा एका कार्यक्रमासाठी पन्नास कामठ्यांची मागणी आली. चार दिवसांत हव्या होत्या. निरोप घेऊन मीच बाकडे गेलो, पैसेही बरे मिळणार होते. बा म्हणाला, "पुढच्या वर्षी देतो." मी म्हणालो, "बा, त्यांना कुठे तीर सोडायचाय?" तो माझ्याकडे बघत राहिला. कामठ्या दुसऱ्या कोणी ओल्या बांबूच्या करून दिल्या, भाषणंही झाली. उन्हाळा लागेपर्यंत त्या तडकल्या असणार. मला मात्र बाचं ते बघणं अजून आठवतं.

म्हणून माझं मागणं शोभेचं नाही. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. ग्रामसभेने आपल्या बेटातले मानवेल राखावेत, हंगामात तोडावेत. आश्रमशाळेत आठवड्यातून दोन तास म्हाताऱ्या कारागिराला बोलवावं, त्याला मास्तराइतकाच मान आणि मेहनताना द्यावा. पोरांनी कामठी स्वतः तासावी आणि गवताच्या पेंढीवर नेम धरावा. बांबू-लाकडाच्या धनुष्यावर 'इंडियन राउंड' नावाचा खेळ आपल्या देशात खेळला जातोच, ३० आणि ५० मीटरवर. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ असे तीन ऑलिंपिक खेळला. रक्त न सांडता कामठी जिवंत राहू शकते. पण ती ओढली गेली पाहिजे.

शेवटी माझंही सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्याला शिकवणं होईल. बा गेल्यावर त्याची कामठी मी माझ्या नव्या घरात, बैठकीच्या भिंतीवर लावली. स्लॅबचं घर, स्वयंपाक गॅसवर. येणारे-जाणारे कौतुक करायचे. दोनेक वर्षांनी खाली फरशीवर पिवळसर पीठ दिसू लागलं. बायको रोज झाडायची, रोज पडायचं. मी कामठी उतरवली आणि दोरी चढवायला वाकवली. ती मोडली. आतून सगळी पोखरलेली होती. पक्क्या घरात धूर नव्हता, माझ्या हाताला तेल नव्हतं, आणि दोन वर्षांत मी ती एकदाही ओढली नव्हती.

भुंग्याने ती खाल्ली म्हणतात. मी म्हणतो, भिंतीने खाल्ली.