क्लाउडफ्लेअर का कोसळलं होतं? आणि कोड तपासणारा 'लिंटर' प्रत्येक धोक्याचा इशारा का देत नाही?

18 नोव्हेंबर 2025. भारतात संध्याकाळचे पाच वाजत आले होते आणि एक्स, चॅटजीपीटीसारख्या अनेक साइट्स अचानक उघडेनाशा झाल्या. कारण होतं क्लाउडफ्लेअर. जगभरातल्या असंख्य वेबसाइट्सची वाहतूक याच कंपनीच्या यंत्रणेतून जाते. मुख्य वाहतूक सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले.

हा सायबर हल्ला नव्हता. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये केलेल्या एका बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची फाइल दुप्पट मोठी झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 200 फीचर्सची मर्यादा होती. ती ओलांडली गेली आणि रस्ट भाषेतल्या कोडमधल्या 'अनरॅप'पाशी प्रोग्रॅम बंद पडला.

'अनरॅप' म्हणजे काय?

रस्टमध्ये एखादं काम फसू शकत असेल, तर त्याचं उत्तर दोनपैकी एका रूपात येतं: हवी ती माहिती किंवा चूक. दोन्ही वेळी काय करायचं, हे प्रोग्रॅमरने लिहायचं असतं. 'अनरॅप' लिहिलं की त्याचा अर्थ होतो, "चूक येणार नाही असं मी धरून चाललोय. आलीच, तर तिथेच थांब."

गडबडीचं मूळ ती फाइल होती. पण चूक आल्यावर जुन्या फाइलवर काम चालू ठेवायचं की थांबायचं, हा निर्णय कोडमधला होता.

मग लिंटर काय करतो?

लिंटर हा कोड न चालवता, फक्त वाचून संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्रॅम. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978 मध्ये सी भाषेसाठी 'लिंट' तयार केला. कपड्याला चिकटलेल्या बारीक तंतूंवरून हे नाव आलं. रस्टच्या लिंटरचं नाव आहे 'क्लिपी'.

'अनरॅप' पकडणारा नियम क्लिपीमध्ये आहे. पण तो मुळात बंद असतो. हवा असेल त्याने तो सुरू करायचा.

बंद का?

क्लिपीमध्ये शेकडो नियम आहेत आणि त्यांचे गट पाडलेले आहेत. जिथे कोड जवळपास नक्की चुकलेला आहे, तिथे क्लिपी थेट नापास करतो. शैली, गुंतागुंत किंवा वेग यांबद्दल तो फक्त इशारा देतो. 'अनरॅप'चा नियम तिसऱ्या प्रकारात येतो: काही प्रकल्पांना उपयोगी, इतरांना त्रासदायक. या प्रकारातला 'निर्बंध' गट कुणी सरसकट सुरू केला, तर असं करू नका, असं क्लिपीच सांगतो.

कारण सोपं आहे. दिवसाला पाचशे इशारे आले, तर पाचशे एकावा कुणी वाचत नाही. लांडगा आला रे आला, अशी गत होते.

दुसरा धोका याहून मोठा आहे: न समजता इशारा गप्प करणं. 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये तपासणी साधनांच्या तक्रारींमुळे दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. ही साधनं लिंटरसारखी कोड वाचत नव्हती, चालू प्रोग्रॅम तपासत होती. तक्रार थांबली. पण त्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा बेभरवसेपणाही गेला. एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम 32 हजार शक्यता उरल्या. हे उघड झालं मे 2008 मध्ये.

'अनरॅप'चंही तसंच होऊ शकतं. त्याजागी 'एक्स्पेक्ट' लिहिलं की तो नियम गप्प होतो. चूक आल्यावर प्रोग्रॅम मात्र तसाच बंद पडतो, फक्त जाताना लिहून ठेवलेला संदेश दाखवतो.

उपाय काय?

नियम सुरू किंवा बंद, एवढ्यावर न थांबता तो बारकाईने बेतणं. क्लिपीत एक सेटिंग आहे: चाचण्यांच्या कोडमध्ये 'अनरॅप' चालेल, बाकी ठिकाणी नाही. चाचणी बंद पडली तर ग्राहकाचं काही बिघडत नाही, त्यामुळे ही सूट रास्त आहे. फंक्शनला सातपेक्षा जास्त इनपुट दिले की क्लिपी टोकतो. तो आकडाही प्रकल्पानुसार बदलता येतो.

सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या रस्ट 1.81 ने आणखी एक सोय दिली. एखाद्या जागी सूट घेताना कारण लिहिता येतं आणि 'इथे हा इशारा येणं अपेक्षित आहे' अशी नोंद करता येते. पुढे कोड सुधारला आणि इशारा येईनासा झाला, तर आता ही सूट काढा, असं कम्पायलर स्वतःच सांगतो. नाहीतर जुन्या सवलती कोडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्यांच्या आड नवी चूक लपते.

आपल्याला काय त्याचं?

आपलं पेमेंट, चॅट आणि तिकीट बुकिंग अशाच कोडवर चालतं. पुढच्या वेळी मोठी सेवा बंद पडली की "टेस्टिंग केलं नव्हतं का?" हा प्रश्न येईलच. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: कोणती तपासणी बंद होती, आणि ती बंद ठेवण्याचं कारण कुणी लिहून ठेवलं होतं का?