आजोबा, आपले पूर्ण नाव सांगा

रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्धांची एक तक्रार माझ्या दवाखान्यात वरचेवर कानी पडते. ‘सिस्टर दर गोळीला नाव विचारते. चार दिवस झाले, तरी बाई मले ओळखत नाही काय?’ आमच्या बोरगाव मेघेतील मंडळी मोठ्या आजारात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय किंवा वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठतात. कोठेही गेले तरी हा राग बरोबर येतोच. राग समजण्यासारखा आहे. पण वाचकहो, बाजू मात्र मी सिस्टरचीच घेईन.

ती आपल्याला ओळखत नाही म्हणून विचारत नाही. ओळखीवर विसंबायचे नाही, हा तिच्या कामाचा नियम आहे. औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या किमान दोन खुणा जुळाव्या लागतात, बहुधा पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक त्यात धरत नाहीत, कारण पंख्याखालची खाट रिकामी झाली की रुग्ण तिकडे सरकतो आणि कागद मागेच राहतो. नुसते पहिले नावही पुरत नाही. बोरगावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पुढे ‘मेघे’ लावल्याशिवाय आपले कोणते ते कळत नाही. एका वॉर्डात दोन पांडुरंग असले तर तेच होते.

प्रश्नाची रीतही पाहण्यासारखी आहे. ‘तुम्हीच पांडुरंगजी ना?’ असे विचारले तर कमी ऐकू येणारे आजोबा सवयीने मान डोलावतात. म्हणून शिकलेली परिचारिका ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असे म्हणते. रुग्ण शुद्धीवर असेल तर उत्तर त्यालाच देऊ द्यावे. सुनेने किंवा मुलाने घाईने पुढे होऊ नये. घरात सारे ‘बापू’ म्हणत असले तरी केसपेपरवर लिहिलेलेच नाव सांगावे. ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याचे भान हरपले आहे, त्याच्या मनगटावरची पट्टी बोलते. हात सुजला, पट्टी काचली म्हणून ती परस्पर कापून टाकू नये. सिस्टरला सांगून बदलून घ्यावी.

नाव जुळले की डॉक्टरांनी लिहिलेल्या तक्त्याशी औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ ताडून पाहिली जाते. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही नावे घाईत सारखी वाटतात. पहिले मधुमेहाचे, दुसरे जंतुसंसर्गाचे. म्हणून गोळी खाटेपाशी येईपर्यंत वेष्टनातच असलेली बरी. हृदयासाठीचे डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजली जाते. ती मिनिटाला ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारले जाते. अशा वेळी ‘सिस्टरने आज गोळीच दिली नाही’ म्हणून गोंधळ घालणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. गोळी गिळेपर्यंत ती समोर उभी राहते, त्यालाही कारण आहे. उशीखाली सरकवलेली गोळी तक्त्यावर मात्र ‘दिली’ म्हणून नोंदली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली होती. ही अडचण आपल्याकडचीच नाही, हे त्यावरून दिसते. आपल्याकडे रात्रपाळीला एका परिचारिकेवर किती खाटांचा भार असतो, हे मी वेगळे सांगायला नको. त्या धावपळीत कोणी विचारलेच नाही, तर आपणच नाव सांगावे आणि ‘ही गोळी कशाची?’ असे विचारावे. एखादे औषध पूर्वी सोसले नसेल, अंगावर पुरळ उठले असेल, तर तेही तेव्हाच सांगावे. यात संकोच कसला?

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती आहे. घरच्या गोळ्यांची पिशवी पहिल्याच दिवशी सिस्टरला दाखवा आणि त्यातली एकही गोळी परस्पर देऊ नका. तेच रक्तदाबाचे औषध रुग्णालयातून दुसऱ्या नावाने चालू असते, घरची गोळीही पोटात जाते, आणि रात्री लघवीला उठलेले आजोबा चक्कर येऊन पडतात.

सुट्टी झाली की हे सारे ताडून पाहणे घरच्यांकडे येते. त्यात मला सर्वांत भीती वाटते ती इन्सुलिनची. आपल्याकडे ते एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. ४० ची सिरिंज सहसा लाल झाकणाची असते, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर २० नव्हे, ५० युनिट अंगात जातात. रंगावर फार विसंबू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी, चष्मा लावून, मोठ्याने वाचा. दोन्ही एक नसतील तर सुई टोचू नका. औषधाच्या दुकानात जाऊन सिरिंज बदलून आणा.